मामीचे पहिले शंभर किलोमीटर

समजा, किल्ली तुमच्या हातात दिली आहे.

समोर एक जुनी पेट्रोल व्हॅन उभी आहे. तिचं इंजिन तीन आठवडे टेबलावर सुटं पडलं होतं. आता ते पुन्हा बांधून आत बसवलं आहे. सिलिंडरच्या आतल्या भिंती नव्यानं कातल्या आहेत आणि त्यांच्यावर घासणीच्या दगडानं मुद्दाम बारीक तिरप्या रेघांची जाळी ओढली आहे. पिस्टनवर नव्या रिंगा चढवल्या आहेत. या रिंगांनी त्या भिंतींना घासून नेमकी जागा धरायची आहे, म्हणजे वरचा दाब खाली गळणार नाही आणि खालचं तेल वर येऊन जळणार नाही. त्यासाठी त्यांच्याकडे वेळ आहे जेमतेम तास-दोन तास. तेवढ्यात ती जाळी झिजून जाते. मग रिंगा बसल्या तर बसल्या.

तुम्ही ही गाडी कशी चालवाल?

हळूच, असं बहुतेक जण म्हणतात. नवं आहे, जपायला हवं. मीही हेच म्हटलं होतं, तेही यंत्र अभियांत्रिकीची पदवी हातात घेऊन. त्यावर माझ्या मामीनं हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाली, "झालं! लाडानं मारलंस."

मामीचं म्हणणं असं, की रिंग स्वतःच्या ताकदीनं भिंतीला चिकटत नाही. स्फोटाचा दाब तिच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. पाय हलका ठेवला तर दाब नाही, दाब नाही तर घासणं नाही. रिंग नुसती तेलावरून घसरत राहते, ते तेल भिंतीवर भाजतं आणि भिंत आरशासारखी चकचकीत होते. आरशाला काही चिकटत नाही. म्हणून पहिल्याच तासात चढ दाखवायचा, पाय दाबायचा, मग पूर्ण सोडायचा, परत दाबायचा. एका वेगावर रेंगाळायचं नाही आणि उभ्या गाडीत इंजिन गुरगुरत तर मुळीच ठेवायचं नाही. पुस्तकात हे सगळं आहे. पण मामीनं पुस्तक वाचलेलं नाही. तिला ते पायातून समजलं आहे.

मामी लहानखुरी आहे. ड्रायव्हरच्या सीटवर दोन उशा घेतल्याशिवाय तिला बॉनेटच्या पलीकडचं दिसत नाही. डावा गुडघा दुखरा, त्यामुळे क्लच दाबताना ती दर वेळी ओठ आवळते. पायात पातळ तळाचे कापडी बूट, उजव्या बुटाचा तळ अंगठ्याखाली झिजून कागदासारखा झालेला. नवे बूट तिला चालत नाहीत. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं, अशी एकूण अकरा वर्षं ती कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. तिथली मशीन विजेवरची, पाय जरा जास्त पडला की सुई सुसाट. कॉलरचं टोक वळवताना एक टाका जास्त पडला तर शर्ट वाया. "तिथं पायाला अक्कल आली," असं ती म्हणते. "डोक्याला यायची अजून वाट बघतेय."

माझा मामा इंजिनं बांधतो. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. त्याचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. एका भिंतीला पाने मापाप्रमाणे टांगलेले, दुसऱ्या भिंतीशी जाड लाकडी टेबल, आणि छपराखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली तार. त्या तारेवर चिमट्यांनी रुमाल लावलेले असतात, पांढरे सुती रुमाल, प्रत्येकाच्या मधोमध काळा-करडा गोल आणि कोपऱ्यात बॉलपेननं लिहिलेला गाडीचा नंबर. हे मामीचं दप्तर. शंभर किलोमीटर झाले की ती गाडीच्या धुराड्यापुढे रुमाल धरते आणि शंभर आकडे मोजते. गोल कोरडा आणि राखेच्या रंगाचा आला तर इंजिन जमलं. ओला, तेलकट, कडेनं पिवळा आला तर नाही जमलं.

"आमच्या लग्नात आलेले सगळे रुमाल हिनं असे काळे केले," मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

"तुमच्या इंजिनांनी केले," मामी आतून म्हणते. "मी नुसते धरले."

या वर्कशॉपात एक नियम आहे, आणि तसा नियम मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. बांधणाऱ्यानं पळवायचं नाही. म्हणजे ज्यानं इंजिन बांधलं त्यानं त्याचे पहिले शंभर किलोमीटर चालवायचे नाहीत. हा नियम झाला कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. मामानं स्वतंत्र धंदा सुरू केला तेव्हा त्याची पहिली तीन इंजिनं तेल प्यायली. काम चोख, मापं चोख, तरी धूर. चौथ्या वेळी मामा तापानं पडला आणि गिऱ्हाईक घाईला आलं. मामी तेव्हा नुकतीच गाडी शिकली होती. तीच घेऊन निघाली. शिकाऊ हात, पाय धाडकन खाली, धाडकन वर. मामा पांघरुणातून ओरडत होता, "अगं, नवं आहे ते!" ते इंजिन पुढं चौदा वर्षं चाललं.

मामाला वाटलं नशीब. मामीला तसं वाटलं नाही. तिनं पाचवं मागून घेतलं, सहावं मागून घेतलं. मग एका संध्याकाळी तिनं त्याला समोर बसवलं आणि म्हणाली, "तुमचं काम उत्तम आहे. पण तुम्ही तीन आठवडे त्याला मांडीवर घेऊन बसता. मग पाय दाबवत नाही तुम्हाला. इथून पुढं तुम्ही बांधायचं, मी पळवायचं." मामा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं सातव्या इंजिनाची किल्ली तिच्या डब्याशेजारी ठेवली. तेव्हापासून आजपर्यंत दोनशेच्या वर रुमाल झाले.

तो नियम एकदाच मोडला. त्या एकदाचीच ही गोष्ट आहे.

आमच्याकडे एक चष्मेवाले आहेत. दुकान नाही, व्हॅन आहे. व्हॅनच्या मागच्या भागात डोळे तपासायचा स्टूल, अक्षरांचा तक्ता, फ्रेमांचे खण आणि जमिनीला बोल्टनं आवळलेलं भिंगं घासायचं यंत्र. ते यंत्र व्हॅनच्याच इंजिनावरून पट्ट्यानं फिरतं. आठवड्यातून पाच दिवस ते लांबच्या वस्त्यांवर जातात, जिथली म्हातारी माणसं शहरात येऊ शकत नाहीत. सकाळी नजर तपासतात, दुपारी भिंग घासतात, संध्याकाळी चष्मा नाकावर. त्या मापाची व्हॅन आता कुणी बनवत नाही, आणि ते यंत्र दुसऱ्या कुठल्या गाडीत बसत नाही.

दोन वर्षांपूर्वी मामानं या व्हॅनचं इंजिन बांधलं. त्याच वेळी माझ्या मामेबहिणीचा पाय मोडला आणि मामी दीड महिना तिच्याकडे गेली. चष्मेवाले थांबायला तयार होते. मामाच थांबला नाही. त्याला वाटलं, एवढी वर्षं बघतोय, आपल्याला जमेल. मग रोज सकाळी अर्धा तास दारात उभ्या उभ्या मंद चालू ठेवायचं, आणि नंतर सपाट रस्त्यावरून एक फेरी, काटा चाळिसाच्या पुढं न जाऊ देता. मामा सांगतो, "अगं, पाण्यानं भरलेलं ताट घेऊन चालावं तसं चालवलं गं मी." तीन महिन्यांत व्हॅन धूर ओकायला लागली. फळ्यांतून धूर आत यायचा, भिंगांवर तेलाचा पापुद्रा धरायचा. वस्तीवरची माणसं म्हणायची, डॉक्टर, गाडी जरा लांब लावा, आधीच दिसत नाही, आता श्वासही घेता येईना.

मामी परतली तेव्हा तारेवर एक तेलकट, पिवळ्या कडेचा रुमाल लागलेला होता. तो मामानं स्वतःच लावला होता. ती त्यावर काही बोलली नाही. मामा म्हणतो, बोलली असती तर बरं झालं असतं.

या वर्षी मामानं त्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला ओतीव ठोकळा, पुन्हा खोलला. आरसा झालेल्या भिंती कातून शेवटच्या मापापर्यंत न्याव्या लागल्या. त्यापुढचा पिस्टन मिळत नाही, आणि आतून नवी नळी ठोकायची म्हटलं तर तेवढी जाडीच भिंतीत उरली नव्हती. मापाचं गेज बाहेर काढून मामा म्हणाला, "संपलं. आता हा ब्लॉक परत कातता येणार नाही." म्हणजे या वेळी रिंगा बसल्या तर व्हॅन राहील. नाही बसल्या तर भंगार.

किल्ली त्यानं मामीच्या डब्याशेजारी ठेवली.

मी सुट्टीवर आले होते. मामीनं मला शेजारच्या सीटवर बसवलं आणि हातात वही दिली: किती किलोमीटर, पाण्याचं तापमान, तेलाचा दाब. चष्मेवाले म्हणाले, माझी गाडी आहे, मी येणार. ते मागे फ्रेमांच्या खणाला टेकून उभे राहिले. मामा नियमाप्रमाणे दारातच थांबला, फडक्यानं कोरडेच हात पुसत.

"तुम्हीपण चला," मामी म्हणाली.

"मी? नियम आहे ना?"

"पळवायचं नाही असा नियम आहे. बसायचं नाही असा नाही. मागच्या काचेशी बसा, तोंड मागे करून. काटे बघायचे नाहीत, मला काही सांगायचं नाही. फक्त धुराचा रंग सांगायचा."

मामा चष्मेवाल्यांच्या स्टूलावर उलटा बसला, शाळेत कोपऱ्यात बसवलेल्या मुलासारखा.

सुरुवात ठरल्याप्रमाणे झाली. आधी प्लग काढून नुसतं स्टार्टरवर फिरवलं, तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावून किल्ली. दुसऱ्याच फेऱ्याला इंजिन पेटलं आणि मंद गुरगुरू न देता मामीनं लगेच आवाज वर नेला. वीस मिनिटं तिनं तो तिथंच धरला, जरा वर, जरा खाली. मामा उतरून गळती बघून आला. कुठं थेंब नव्हता. मग आम्ही टाकीच्या चढाकडे निघालो. शहराबाहेर नऊ किलोमीटरवर पाण्याच्या टाकीपर्यंत दोन किलोमीटरचा एकसारखा चढ आहे. मामीची सगळी इंजिनं तिथंच शिकली.

पण चौथ्या किलोमीटरवर पूल आहे, आणि पुलावर त्या दिवशी एक ट्रक आडवा बंद पडला होता. एकच बाजू मोकळी. गाड्यांची रांग, हात-दोन हात सरकायची आणि थांबायची.

मामीनं किल्ली फिरवली. इंजिन बंद.

"बंद का केलं?" चष्मेवाल्यांचा आवाज चिरका झाला. "पडलं का बंद?"

"केलं. रांगेत गुरगुरत ठेवायचं नाही."

समोरची गाडी दोन हात सरकली. मागच्यानं हॉर्न दिला. मामी ओठ आवळून बसली होती. मागून मामा म्हणाला, "चालू ठेव गं. पाच मिनिटांनी काय होतंय?"

मामीनं आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "मागच्या वेळीही पाच-पाच मिनिटं करतच अर्धा तास झाला होता ना?"

मग मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मामा खाली उतरला होता. त्यानं बाह्या वर केल्या आणि व्हॅनच्या पाठीला खांदा लावला.

मी उतरले, चष्मेवाले उतरले. आम्ही तिघं ढकलायला लागलो. मामी स्टिअरिंगवर, दोन उशांवर ताठ. रांग सरकली की आम्ही ढकलायचो, थांबली की धापा टाकायचो. साधारण तीनशे मीटर.

पुलाच्या तोंडाशी पंक्चरवाल्याचं दुकान आहे. मामाची आणि त्याची जुनी थट्टामस्करी. तो टायर सोडून बाहेर आला, कमरेवर हात.

"काय मिस्त्री, इंजिन आत बसवायचं राहिलं की काय?"

लोक हसले. शहरातलं निम्मं गिऱ्हाईक त्या रांगेत उभं होतं आणि सगळ्यांना ही व्हॅन ठाऊक होती, तिचा धूरही ठाऊक होता. मामाचे कान लाल झाले. त्यानं खांदा काढला नाही.

मामीनं खिडकीतून डोकं काढलं. "बसवलंय हो. आत्ताच डोळा लागलाय त्याचा, ओरडू नका."

"आणि वहिनी, नवं इंजिन ढकलून चालवायची ही कुठली नवी पद्धत?"

"तुमच्या पंक्चरांसारखी नाही. ही एकदा केली की परत करावी लागत नाही."

या वेळी हसू पंक्चरवाल्यावर फिरलं. आमच्या मागच्या गाडीतल्या तरुणानं पुन्हा हॉर्न दिला, "ओ काकू, बाजूला घ्या ना!"

"घेते की. तू उतर, एक हात लाव."

आणि तो खरंच उतरला. शेवटी पंक्चरवालापण आला, तेलकट हात पँटला पुसत. मामाच्या शेजारी खांदा लावत हळूच म्हणाला, "मिस्त्री, खरं सांगा, चालतंय ना?"

"हिला विचारा," मामा म्हणाला. "आज मी फक्त खांदा आहे."

मला मामाचं त्या क्षणी फार कौतुक वाटलं. स्वतः बांधलेलं कोरं इंजिन भर रस्त्यात ढकलत न्यायचं, गिऱ्हाईक बघत असताना, आणि कारण कुणाला समजावत बसायचं नाही. पण त्याहून कौतुक मामीचं. तिला तो अपमान दिसत होता. तो आपल्या नवऱ्याला सोसायला लावणं तिला सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही. तरी किल्लीकडे तिचा हात गेला नाही.

पूल ओलांडला, रस्ता मोकळा झाला. सगळे आत बसले. मामा पुन्हा उलटा स्टूलावर. किल्ली, आणि इंजिन पहिल्याच फेऱ्याला उठलं.

टाकीच्या चढाला मामी वेगळीच असते. तिसरा गिअर, पाय पाऊण खाली, आणि व्हॅन भरल्या पोटानं जिना चढावा तशी चढते. माथ्यावर वळायचं, उतारावर पाय पूर्ण सोडायचा. तेव्हा इंजिन आतून ओढ घेतं. रिंगा बसल्या नसतील तर खालचं तेल वर शोषलं जातं, आणि पुन्हा पाय दिला की ते जळून मागे निळा धूर सुटतो. म्हणून प्रत्येक उताराच्या तळाशी पाय देताना मामी विचारायची, "रंग?"

पहिल्या फेरीला मामा म्हणाला, "जरासा पांढरट." दुसरीला, "पांढरट." तिसरीला, "कमी." चौथ्या चढावर, अर्ध्यात, मामीनं एकदम मान हलवली.

"बसल्या," ती म्हणाली.

"काय?" मी विचारलं.

"रिंगा. पायाला कळलं. आत्तापर्यंत इंजिन माझ्याशी भांडत होतं, आत्ता ऐकलं." तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मी वहीत आकडा लिहायचं विसरले. चौथ्या उताराच्या तळाशी तिनं पाय दिला. "रंग?"

"काही नाही," मामा म्हणाला. "स्वच्छ!"

मामीनं वेग कमी करायला सुरुवात केली. सपाट रस्ता धरायचा तिचा विचार होता. तेवढ्यात चष्मेवाल्यांनी नाक वर केलं. गेली दोन वर्षं त्यांनी जळक्या तेलाचा वास घेतला होता. ते मागच्या काचेशी वाकले.

"मिस्त्री, हा काय रंग दिसतो तुम्हाला?"

"कुठला? ती नुसती वाफ आहे, धूर नव्हे."

"हा निळा आहे."

मामानं काचेला नाक लावलं. "निळा नाही हो."

चष्मेवाल्यांनी फ्रेमांच्या खणातून निळ्या रंगाची एक फ्रेम काढली आणि त्याच्यापुढे धरली. "ही कुठल्या रंगाची?"

"राखाडी."

चष्मेवाल्यांनी फ्रेम परत खणात ठेवली. मग रोजच्या पेशंटशी बोलावं तसं शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, मग निळा रंग आधी जातो. किती दिवसांपासून, ते तपासल्यावर सांगता येईल. पण दोन वर्षं तर सहज."

मग मामा म्हणाला, "म्हणजे मागच्या वेळी मी रोज मागे जाऊन बघायचो..."

"निळाच असणार," चष्मेवाले म्हणाले. "तुम्हाला दिसला नाही."

मामीनं मागे वळून पाहिलं नाही. मला फक्त तिची बोटं दिसली, स्टिअरिंगवर आवळलेली. तिच्या पायानं सांगितलं होतं, बसल्या. मागे निळा धूर होता. इतक्या वर्षांत तिच्या मागे बसून कुणी रंग सांगितला नव्हता, कारण मामा नियम म्हणून दारातच थांबायचा आणि तिनंही त्याला कधी सोबत बसवलं नव्हतं. शंभर किलोमीटरनंतरचा रुमाल एवढीच तिची साक्ष. आता पहिल्यांदाच पाय एक सांगत होता आणि डोळे दुसरं, आणि ब्लॉक शेवटचा होता.

ती पायावर विश्वास ठेवून सपाट रस्त्याला लागू शकली असती. तिनं चढाकडे वळवली.

"चष्मेवाले, तुम्ही बसा स्टूलावर. अहो, तुम्ही खाली बसा आणि काहीतरी घट्ट धरा."

पाचवा. "निळा." सहावा. "निळा, पण पातळ." सातव्याला पाण्याचा काटा मधल्या खुणेच्या वर सरकला. मी आकडा वाचला. मामीनं माथ्यावर न थांबता लांबचा उतार घेतला, वारा लागू दिला, काटा उतरला. मामा खाली फळीवर बसला होता, गुडघ्यांना मिठी मारून. एकदाही "हळू" म्हणाला नाही. आठव्याला चष्मेवाले म्हणाले, "असं वाटतंय की..." आणि थांबले.

"वाटतंय नको. रंग सांगा."

"फिकट निळा."

मामीचा डावा पाय आता क्लचवर थरथरत होता. मी म्हटलं, मामी, मी घेऊ का थोडा वेळ? ती म्हणाली, "पाय बदलला की गणित बदलेल." नवव्या चढावर तिनं पाय आणखी खाली नेला. तेवढा जाताना मी तोवर पाहिला नव्हता. माथा, वळण, उतार, पूर्ण सोडलेला पाय, इंजिनाची ती खोल ओढ, आणि तळाशी पुन्हा दाब.

"रंग?"

"काही नाही."

"पुन्हा बघा."

"वहिनी, माझा धंदाच बघायचा आहे. काही नाही."

दहावा तिनं खात्रीसाठी केला. अकरावा, मला वाटतं, आनंदासाठी. मग उरलेले किलोमीटर वळणांच्या रस्त्यानं काढले. वर्कशॉपच्या दारात शंभर किलोमीटर भरले तेव्हा तिनं इंजिन चालू ठेवून धुराड्यापुढे रुमाल धरला. आम्ही चौघांनी मोठ्यानं शंभर मोजले. मधोमध करडा गोल उमटला. मामानं त्यावर अंगठा घासला. कोरडा. तेल मोजायच्या काठीवरही तेल खुणेवरच होतं, जिथं सकाळी होतं तिथं.

मामा आत गेला आणि तारेवरचा दोन वर्षांपूर्वीचा तेलकट रुमाल काढायला लागला. "राहू द्या," मामी म्हणाली. तिनं नवा त्याच्या शेजारी लावला.

चष्मेवाल्यांनी विचारलं, आता उभ्या गाडीत चालू ठेवलं तर चालेल का? मामी म्हणाली, "आता चालेल. पण उगाच नको, कामाला लावा." त्यांनी पट्टा चढवला. भिंगं घासायचं यंत्र इंजिनावर फिरायला लागलं, आणि त्यांनी मामाला स्टूलावर बसवलं, या वेळी तोंड पुढं करून, एका डोळ्यावर हात. "चष्म्यानं भागणार नाही, शस्त्रक्रिया करावी लागेल. तोवर कामचलाऊ नंबर देतो. वाचा." मामा वाचायला लागला, तिसऱ्या ओळीवर अडखळला, आणि चष्मेवाले म्हणाले, "हे अक्षर तुम्ही आत्ता मनानं लावलंत."

मामी पायरीवर बसली होती, उजवा बूट काढून. माझी वही तिच्या मांडीवर होती. चौथ्या चढाच्या ओळीवर, जिथं माझा आकडा राहून गेला होता, तिचं बोट होतं.

मी म्हटलं, बांधताना लावलेलं तेल धुराड्यात साचतं, तेच नवव्यापर्यंत जळत राहिलं असेल, रिंगा चौथ्यालाच बसल्या असतील.

"असेल," ती म्हणाली. "आणि नसेलही. नुसता पाय गरम होऊन सैल पडला असेल. तू ते सिद्ध करून दाखवशील?"



तिनं गुडघा चोळला. "हा गुडघा मला अजून फार वर्षं गाडी चालवू द्यायचा नाही. मग कुणाला तरी शिकवावं लागेल. त्याला मी काय सांगू? दोनशे गाड्या मी पायाच्या भरवशावर सोडल्या. रुमाल कोरडे आले म्हणून पाय खरा मानला. आज मागे डोळे नसते तर मी चौथ्यालाच वळले असते." ती वहीतल्या त्या ओळीकडे पुन्हा बघायला लागली. "म्हणून विचारते, तू शिकलेली आहेस. चौथ्या चढावर माझ्या पायाला जे कळलं, ते इंजिनात घडलं होतं, की नुसतं माझ्यात?"